पंखांच्या गाड्या

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी, डेट्रॉइटच्या उपनगरांतून जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या अमेरिकी गाड्या उतरतात. १९९५ पासून भरणाऱ्या या ‘ड्रीम क्रूझ’मध्ये गाड्या नुसत्या मांडून ठेवत नाहीत, त्या रस्त्यावरून चालवतात, आणि हेच या मेळ्याचे मोठेपण आहे.

ही पाहा १९५७ ची शेव्हरोले बेल एअर. बाजूच्या पत्र्यावर मागे रुंद होत गेलेला रुपेरी ॲल्युमिनियमचा पट्टा आहे. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर माशाच्या परासारखे उभे राहिलेले पत्र्याचे उंचवटे, तेच या गाड्यांचे पंख. डाव्या पंखाच्या कडेची क्रोमची उभी पट्टी मालक बोटाने उघडतात, तेव्हा आत पेट्रोलच्या टाकीचे झाकण दिसते. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९२८ पासून शेव्हरोले जोडली जात असे. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाल्याने हे मॉडेल मात्र तिथे कधीच जोडले गेले नाही.

या पंखांचे मूळ विमानात आहे. शेव्हरोले आणि कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ले अर्ल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या सहकाऱ्यांना लॉकहीड पी-३८ हे विमान दाखवायला नेले होते, आणि त्याच्या जोडशेपटीवरून १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन लहानसे उंचवटे मिळाले. अर्ल यांची सुरुवात वडिलांच्या कारखान्यात, हॉलिवूडच्या नटनट्यांच्या गाड्यांना खास बॉडी बांधून देण्यात झाली होती. गाडीचे रूप कागदावर ठरवून न थांबता ते मातीत पूर्ण आकारात घडवून पाहण्याची पद्धत त्यांनी कंपनीत रुजवली. लाकडी सांगाड्यावर गरम करून मऊ केलेल्या मातीचे थर चढवायचे, ती घट्ट झाली की पोलादी पात्यांनी खरवडत वळणे काढायची, आणि एखादी रेषा डोळ्यांना खटकली तर तिथे पुन्हा माती लावायची, असे हे काम चाले. गाडी लांब आणि बुटकी दिसली पाहिजे, हा त्यांचा कायमचा आग्रह होता. आज जो पत्रा आपल्याला सुंदर वाटतो, त्याचे वळण आधी कुणाच्या तरी तळहाताखालून गेलेले आहे. या गाड्यांच्या मोहिनीचे कारण आम्हाला यातच दिसते.

क्रायस्लर या प्रतिस्पर्धी कंपनीच्या १९५७ च्या गाड्यांचे उंच पंख पाहून जनरल मोटर्सच्या तरुण रचनाकारांनी १९५९ साठीचे आपले नमुने बाजूला ठेवले आणि नव्याने काम केले. त्यातून ही कॅडिलॅक आली: सुमारे ५.७ मीटर लांब, आणि प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे.

या गाड्या पेट्रोल भरपूर पीत, सीटबेल्ट त्यांत क्वचितच असे, आणि वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत १९६६ मध्ये आला.

आता हा बंपर पाहा. जुना मुलामा रसायनात उतरवून, गंज काढून, पोचे ठोकून सरळ केल्यावर त्यावर तांब्याचा थर चढवतात. तो घासायचा, बोट फिरवून बारीक खड्डे चाचपायचे, आणि ते लागले तर पुन्हा तांबे चढवायचे. नंतर निकेल, आणि शेवटी अत्यंत पातळ क्रोम. आपण जिला क्रोमची चकाकी म्हणतो ती बरीचशी निकेलची असते; क्रोम तिला निळसर छटा देतो आणि काळवंडू देत नाही. बेल एअरचे नवे पत्रे आजही विकत मिळतात, पण कमी खपलेल्या मॉडेलांचे असे सुटे भाग सहसा कुणी बनवत नाही. म्हणून जाणकार माणूस अशी गाडी घेताना इंजिन सुरू करण्याआधी तिच्याभोवती फिरून क्रोमचा प्रत्येक तुकडा जागेवर आहे की नाही, ते तपासतो.