विक्रमाचं पान

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या आपल्या क्रॉस कंट्री शर्यतीचा वर्धापनदिन. त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे आणि तिच्यातलं एक पान महिनाभर माझ्या मानगुटीवर बसलं होतं. काम बघणारी मंडळी तरुण, उत्साही. त्यांनी मथळा ठरवून टाकला, 'शर्यतीतले विक्रम', आणि खालची जागा मोकळी सोडून कागद माझ्याकडे पाठवला. इतकी वर्षं मी मार्ग आखतोय म्हणजे मला माहीत असणारच, असा त्यांचा हिशेब.

आता आली का पंचाईत! क्रॉस कंट्रीत विक्रम नसतो हो. ट्रॅक कुठेही गेलात तरी 400 मीटरचाच. तिथे घड्याळाला अर्थ आहे. माळरानाचं तसं नाही. आदल्या रात्री पाऊस झाला की चिखल बूट सोडत नाही, उन्हाने तापलं की उतारावरची बारीक खडी पायाखालून सटकते. एका वर्षी ओढ्याला पाणी चढलं म्हणून मी मार्ग वरच्या अंगाने वळवला. त्याने अंतर वाढलं की घटलं? खरं सांगू, टेप धरायला वेळच नव्हता. मग त्या वर्षीची वेळ कशाशी ताडून बघायची?

मोठ्या स्पर्धांतही हेच आहे. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा आजच्या स्वरूपात 1973 साली बेल्जियममधल्या वारेगेमला सुरू झाली, पण तिच्यात विश्वविक्रमाची भानगड नाही. 2019 साली डेन्मार्कमध्ये ऑरहूसला तर धावपटूंना एका संग्रहालयाच्या उतरत्या, गवताळ छपरावरून पळवलं! त्या छपरावरच्या वेळेची तुलना तुम्ही कोणत्या मैदानाशी करणार?

इथे मोजतात तो क्रमांक. पहिला आला त्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसाव्याला तीस. संघातल्या पहिल्या चौघांचे गुण मिळवायचे. ज्यांची बेरीज कमी, तो संघ वर. समजा एका संघाची मुलं आली पहिली, दुसरी, नववी आणि तिसावी. बेरीज 42. दुसऱ्या संघाची आली सातवी, आठवी, अकरावी आणि तेरावी. बेरीज 39. ढाल गेली दुसऱ्यांकडे. पहिल्या दोघांचे फोटो निघतात, टाळ्या पडतात, आणि इकडे झाडाखाली टेबल टाकून बसलेला पंच बोटाने क्रमांक मोजत असतो, त्याचं सगळं लक्ष चौथ्याकडे.

1924 सालचं पॅरिस ऑलिंपिक घ्या. तेव्हा क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये होती. दिवस भयंकर उन्हाचा, पारा चाळिशीच्या वर. निघाले 38 जण, पोहोचले फक्त 15. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला, आणि दुसऱ्या दिवशी हा गडी पुन्हा ट्रॅकवर 3000 मीटर धावायला हजर! त्याचाच देशबांधव विले रितोला दुसरा. पण सांघिक सुवर्णाला तिघं लागत होते. तो तिसरा होता हेइकी लीमातायनेन, आला बारावा. तो वाटेत आडवा झाला असता, तर सांघिक पदकाच्या हिशेबात नुर्मीचं पहिलं येणंही कामाला आलं नसतं. ते ऊन इतकं बाधलं की क्रॉस कंट्री ऑलिंपिकमधून गेली ती गेलीच.

मला मात्र त्या उन्हापेक्षा धास्ती वाटते ती 1876 सालच्या एका गोष्टीची. कागदाचे कपटे टाकत एकाने पुढे पळायचं आणि बाकीच्यांनी त्या मागावर सुटायचं, हा इंग्लंडमधल्या शाळांचा जुना खेळ. त्यातूनच ही शर्यत निघाली. तर त्या वर्षी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठेवली. 32 धावपटू. सगळेच्या सगळे रस्ता चुकले! स्पर्धा रद्द केली आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरवली. लोक ही गोष्ट ऐकून हसतात. मार्ग आखणाऱ्याला हसू येत नाही. म्हणून प्रत्येक वळणावर मी फक्कीचा बाण मारतो, वर निशाण रोवतो, आणि तरीही तिथे एक माणूस उभा करतो. वारा फक्की उडवतो, गुरं निशाण पाडतात. माणूस निदान ओरडतो तरी.

तर ते पान. मथळा मी खोडला आणि तिथे लिहिलं, 'चौथे'. दरवर्षी जिंकलेल्या संघातला चौथा धावपटू कोण, याची यादी. जुने निकाल ट्रंकेतून काढले. पेन्सिलीने लिहिलेले, कडा कुरतडलेले, पण नावं लागत गेली. तरुण मंडळींना आधी पटेना. मग त्यांच्यातल्या एकीला यादीत आपल्या वडिलांचं नाव सापडलं. त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं; सांगणार तरी काय, बावीसावा आलो म्हणून?

एकच जागा कोरी राहिली आहे. ओढ्याला पाणी आलं होतं त्याच वर्षीची. तो कागद पावसात भिजला आणि नावावरची शाई पसरली. मला मुलगा आठवतो. चिखलात त्याचा डावा बूट अडकून राहिला होता. मी वळणावर उभा होतो, 'थांब, काढून देतो' म्हणालो, तर मागेही न बघता तसाच एका पायाने अनवाणी चढ चढून गेला. बूट मी संध्याकाळपर्यंत सांभाळला, पण घ्यायला कुणी आलं नाही.

तो मुलगा आता चांगला बाप्या झाला असेल. ऐकत असाल, तर उद्या सकाळी या. पान अजून छापायला गेलेलं नाही. सुरुवातीच्या रेषेपाशी फक्कीची बादली घेऊन उभा असलेला म्हातारा, तो मीच.

नमस्कार.