ऱ्हाइनच्या काठचे जकातदार

(कोब्लेंत्स. सकाळ. नदीवर धुकं.)

जर्मनीतल्या या गावी मोझेल नदी ऱ्हाइनला येऊन मिळते आणि इथूनच आपली बोट सुटते, प्रवाहाच्या उलट दिशेला. वाट मुद्दाम उलटी धरली आहे. प्रवाहाबरोबर जाणारी बोट किल्ले भराभर मागं टाकते. वर चढणारी बोट हळू जाते, आणि हा प्रवास हळूच करायचा असतो. काठावरच्या पाट्यांवरचे आकडे बघत राहा. हे किलोमीटर वर, सरोवराकाठच्या कोन्स्टान्स शहरातल्या पुलापासून मोजलेले आहेत. कोब्लेंत्सला ५९२ आहे, आता तो उतरत जाईल.

इथून बिंगेनपर्यंत सुमारे ६५ किलोमीटरची ही दरी. २००२ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दोन्ही बाजूंना पाटीच्या दगडाचे उभे डोंगर, त्यांवर द्राक्षमळे, आणि जवळपास प्रत्येक वळणावर एक किल्ला. एवढ्याशा पट्ट्यात इतके किल्ले कशासाठी?

जकातीसाठी. मध्ययुगात रस्ते वाईट होते, त्यामुळं मीठ, दारूची पिंपं, लाकूड, कापड सारं नदीतूनच जायचं. वर जाणाऱ्या नावा काठावरून घोडे ओढत. सुटून जायला वावच नव्हता. ज्याच्या ताब्यात काठ, तो नाव अडवायचा.

(मार्क्सबुर्ग)

ब्राउबाख गावावरचा हा मार्क्सबुर्ग. या खोऱ्यातल्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकटाच. आत शिरलं की पायाखाली खडकातच कोरलेल्या पायऱ्या लागतात. रुंद, ओबडधोबड, घोड्यांना चढता येतील अशा.

(सांक्ट गोआर)

उजवीकडं ऱ्हाइनफेल्स. १२४५ साली काट्सेनएल्नबोगेनच्या सरदारानं तो बांधला आणि जकात वाढवली. व्यापारी शहरांनी मग एकी केली आणि १२५५ साली किल्ल्याला वेढा घातला. वर्ष उलटलं तरी किल्ला पडला नाही. पडला तो पुष्कळ नंतर. १७९७ साली फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी सुरुंग लावून तो उडवला.

पुढचं वळण लोरेलायचं. सुमारे १३२ मीटर उंचीचा खडक. गाण्यानं नावाड्यांना भुलवणारी इथली सुंदरी फार जुनी वाटते, पण ती १८०१ साली क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीच्या कल्पनेतून आली. धोका मात्र खराच आहे. २०११ च्या जानेवारीत सल्फ्युरिक ॲसिड नेणारं एक जहाज इथं उलटलं. चार खलाशांपैकी दोघंच वाचले.

(कौब. पाटीवर ५४६.)

इथं इंजिनाचा आवाज थोडा कमी करू या.

नदीच्या मधोमध पांढऱ्या भिंतींचा, काळ्या छपरांचा किल्ला. फाल्त्सग्राफेनश्टाइन. १३२७ च्या सुमारास राजा लुडविगनं हा बुरूज उभारला, तो केवळ जकात गोळा करायला. जरा जवळून बघा. प्रवाहाकडचं त्याचं टोक जहाजाच्या नाळेसारखं निमुळतं आहे. पूर आला, बर्फाचे तुकडे वाहत आले, तर ते या टोकावर फुटून दोन्ही बाजूंना जावेत म्हणून. बांधणाऱ्यांना नदी किती नीट कळली होती! १८१४ च्या नववर्षाच्या पहाटे प्रशियाचा सेनापती ब्ल्युशर यानं नेपोलियनच्या मागावरची आपली फौज याच ठिकाणी नदीपार नेली.

१८६८ च्या मानहाइम करारानं ऱ्हाइनवरची वाहतूक जकातमुक्त झाली. पण कौबचा शब्द आजही चालतो. इथल्या पाण्याची पातळी बघून जहाजावर किती माल भरायचा ते ठरतं. कोरड्या वर्षी कोळसा, तेल, धान्य नेणारी जहाजं अर्धी रिकामी जातात.

(बाखाराख)

वरच्या बाजूला खडकांतून येणारी दारूची पिंपं इथं लहान नावांतून मोठ्या नावांत चढायची, म्हणून ती 'बाखाराखची दारू' म्हणून दूरदूर विकली जायची. लाकडी चौकटींची घरं, अरुंद गल्ल्या. फार देखणं गाव. पण गावाच्या वर उभ्या त्या लाल दगडी कमानी चुकवू नका. छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ दिसतं. हे वेर्नर चॅपल. १२८७ साली वेर्नर नावाच्या एका मुलाचा मृतदेह सापडला आणि त्याला मारल्याचा खोटा आळ यहुद्यांवर आला. या काठानं कितीतरी निरपराध माणसं मारली गेली. हे चॅपल त्याच आळाच्या पायावर बांधलं गेलं. आज तिथं त्या अन्यायाची आठवण देणारी पाटी आहे. या गावात फोटो काढणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

(बिंगेन. संध्याकाळ.)

बेटावरचा हा मनोरा. गोष्ट सांगते की दुष्काळात गरिबांना जाळणाऱ्या आर्चबिशप हाट्टोला इथं उंदरांनी खाल्लं, म्हणून हा 'मॉयझेटुर्म', म्हणजे 'उंदरांचा मनोरा'. अभ्यासक मात्र या नावात 'माउट', म्हणजे जकात, हा शब्द बघतात. पुढं तो जहाजांना वाट दाखवणारं सिग्नलचं ठाणं झाला आणि १९७४ पर्यंत हे काम चालू होतं.

पलीकडं रूडेसहाइमचे दिवे लागतायत. दोन्ही काठांनी मालगाड्या धडधडत जातायत. बोटीचा दोर धक्क्यावर फेकला जातो.