ऑटिझम आहे, पण तेवढंच आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीत नाशिक ढोल घुमू लागला की ऑटिझम असलेली काही मुलं कान गच्च दाबून बसतात. मिरवणूक पुढे गेली की हळूहळू सावरतात. हा आवाजाचा त्रास. पण ढोल वाजणार या धास्तीने मूल आठ दिवस आधीपासून झोपत नसेल, तर ती चिंता असू शकते, आणि चिंतेवर उपचार आहेत. वरवर दोन्ही सारखंच दिसतं. मग घरी, शाळेत, कधी दवाखान्यातही ऐकायला मिळतं, "ऑटिझम आहे ना, ही मुलं असंच करतात." या वाक्यामुळे मुलांचे उपचार वर्षानुवर्षं लांबतात. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा ऑटिझम असलेल्या १०० पैकी सुमारे ४० मुलांमध्ये चिंतेचा विकारही आढळला.

नैराश्य ओळखणं त्याहून कठीण. "मला उदास वाटतंय" असं यातल्या अनेक मुलांना सांगताच येत नाही, आणि चेहऱ्यावरूनही कळत नाही. म्हणून आपल्या मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी नको, त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करा. समजा, सिटीलिंक या नाशिकच्या शहर बससेवेचे सगळे मार्ग तोंडपाठ असलेला मुलगा आता बसचं नावही काढत नाही. घरच्यांना वाटतं, चला, नाद सुटला! मला मात्र इथेच काळजी वाटते. सोबत झोप, भूक बदलली असेल, स्वतःला मारून घेणं वाढलं असेल, तर थांबू नका.

डॉक्टरांकडच्या बहुतेक प्रश्नावल्या ऑटिझम नसलेल्या मुलांसाठी तयार झाल्या. "इतरांत मिसळत नाही" याला ऑटिझम असलेलं मूल लहानपणापासूनच गुण मिळवतं. त्यावरून नैराश्य कसं ठरवणार? २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी खास या मुलांसाठी चिंतेची प्रश्नावली मांडली. तीत अचानक होणाऱ्या बदलांची धास्ती, आवाज-स्पर्शाची भीती यांवरही प्रश्न आहेत. तरी नुसत्या गुणांवर निदान होत नाही. आईवडील, शिक्षक आणि मूल, तिघांचंही ऐकावं लागतं. उत्तरं जुळली नाहीत म्हणून मुलाला खोटं पाडू नका. "कसं वाटतं?" यापेक्षा "शाळेची रिक्षा आली की पोटात काय होतं?" असं विचारा. बोलता येत नसेल तर चित्रं दाखवा, टाइप करू द्या.

किशोरवयीन मुलांना जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.