कानबाईचा रोट आणि खडकवासल्याचं वेळापत्रक
(मुलाला एनडीएत पाठवू पाहणाऱ्या खानदेशातल्या पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी नावांचा घोळ सोडवू. "पोऱ्याला मिलिटरीत टाकलं" हे एकच वाक्य आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. जिल्ह्यातली सैनिकी शाळा राज्य सरकारच्या धोरणातून निघालेली असते आणि ती संस्थाचालक चालवतात. सातारचं सैनिक स्कूल 1961 साली सुरू झालं, देशातलं पहिलं. ते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं आहे आणि तिथं सहावीला किंवा नववीला प्रवेश मिळतो. तिसरी पुण्याजवळच्या खडकवासल्याची एनडीए, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथं बारावीनंतरच जाता येतं. पहिल्या दोन ठिकाणी शिकलेला मुलगा तिसरीकडे आपोआप जात नाही. त्यालाही यूपीएससीची तीच परीक्षा द्यावी लागते, जी यावलच्या किंवा शिरपूरच्या साध्या कॉलेजातला मुलगा देतो.

सैनिक स्कूलच्या सहावीसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 मार्चला वय 10 ते 12 हवं. पेपर 300 गुणांचा, त्यातले 150 गुण गणिताचे. हा पेपर मराठीतून देता येतो. नववीचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलासाठी सहावीचं दार सोपं. ते हुकलं तर दहावीच्या वर्षात सेवापूर्व प्रशिक्षण संस्थेकडे बघा. मुलांसाठीची संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे, मुलींसाठीची नाशिकला 2023 मध्ये सुरू झाली. दोन्ही राज्य सरकारच्या. अकरावी-बारावी तिथं राहून एनडीएची तयारी होते. माझ्या मते खानदेशातल्या पालकांनी लाखालाखाच्या क्लासची चौकशी करण्याआधी हा अर्ज भरावा. अडचण एवढीच की आपल्याला ही संस्था आठवते ती दहावीचा निकाल लागल्यावर, आणि तोवर तिची प्रवेश परीक्षा होऊन गेलेली असते.

आता एनडीए. परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. गणित 300 गुण, सामान्य क्षमता 600, आणि पुढे एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला 900. लेखी आणि मुलाखत यांचं वजन सारखं, हे लक्षात घ्या. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेसारखं "काहीतरी लिहून ये" असं सांगून मुलाला पाठवू नका.

अकरावीत विषय निवडताना एक फसगत होते. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, हे खरं. हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन आणि गणित हवं, हेही खरं. पण लेखी परीक्षेतला 300 गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच आहे. डॉक्टर नाही झाला तर फौजेत जाईल, असा विचार करून गणित सोडलं की मुलगा पात्र राहतो आणि तरी पेपरात बुडतो.

वयाच्या बाबतीत इथं कुणालाही सवलत नाही. जातीचं आरक्षणही नाही. दर अधिसूचनेत जन्मतारखेची तीन वर्षांची खिडकी दिलेली असते, प्रशिक्षण सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस अशी. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी अर्ज बाद. आणि तारीख कुठली धरतात? दहावीच्या प्रमाणपत्रावरची. ग्रामपंचायतीचा दाखला, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, कुंडली यांतलं काही चालत नाही. नावाचंही तसंच. आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव गाळलेलं, कुठं "पाटील"च्या जागी मूळ आडनाव. अर्जात नाव दहावीच्या कागदाबरहुकूम भरा, आणि आधार दुरुस्त करायचं असेल तर अर्जाआधी करून घ्या. अर्ज भरायला शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. परीक्षा केंद्राच्या जागा भरत जातात, उशिरा अर्ज करणाऱ्याला उरलेलं लांबचं केंद्र मिळतं.

सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं ते सांगतो. लेखी निकालात नंबर आला, गावात पेढे वाटले, फ्लेक्स लागला. त्यानंतर दोन आठवड्यांत भारतीय लष्कराच्या भरती संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करायची असते. ती केली तरच एसएसबीचं बोलावणं येतं. यूपीएससीकडे अर्ज केलाय म्हणजे झालं, असं समजून मुलं आणि पालक फ्लेक्सखाली फोटो काढत बसतात. निकाल लागला त्याच रात्री नोंदणी करा, पेढे दुसऱ्या दिवशी.

एसएसबीला मूळ कागद लागतात. मुलानं तोवर अभियांत्रिकीला प्रवेश घेतला असेल तर दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजच्या कपाटात असतात आणि कॉलेजला सुट्टी असते. ती आधीच परत मागून ठेवा. मुलाखतीचं केंद्र भोपाळ किंवा प्रयागराज आलं तर आपण नशीबवान, भुसावळहून सरळ गाडी आहे. पहिल्याच दिवशी चाळणी होते. त्यात न निवडलेल्यांना त्याच दिवशी घरी सोडतात. अशा मुलाचा संध्याकाळी फोन आला तर "एवढा खर्च केला" हे वाक्य तोंडातून काढू नका. तो सहा महिन्यांनी पुन्हा बसू शकतो. उरलेल्यांच्या पुढे चार दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत. निवड झालेल्यांना तिथूनच वैद्यकीय तपासणीला पाठवतात.

वैद्यकीय तपासणीत मुलं अडकतात ती कानातला मळ, किडलेले दात, नाकाचं वाकडं हाड आणि जास्तीचं वजन अशा कारणांनी. यातलं पुष्कळसं आधी दुरुस्त होतं. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसर करून घेणं मात्र घातक, एनडीएसाठी ती शस्त्रक्रिया चालत नाही. गोंदणाबद्दलही तुमच्यातून चिठ्ठी आली आहे. कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंज्याच्या पाठीवर गोंदण चालतं, इतरत्र नाही. आदिवासी समाजात रिवाजानं गोंदण असेल तर त्याचा वेगळा विचार होतो, तेव्हा नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा पालकांनी त्या धास्तीनं मुलाला मागे ठेवू नये.

पैशाचं थोडक्यात. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, औषधपाणी सरकारचं. हातखर्च पालकांचा, आणि दाखल होताना एकरकमी भरणा अलीकडे 50 हजारांच्या आसपास जातो. पालकाचं मासिक उत्पन्न 21 हजारांपेक्षा कमी असेल तर मदतीचा अर्ज करता येतो, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. आणि करारपत्र वाचून सही करा. मुलानं स्वतःच्या मर्जीनं मधेच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होतो.

आता सुट्ट्या. चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न याचेच आहेत.

तीन वर्षांची सहा सत्रं. एक जानेवारी ते मे, दुसरं जुलै ते नोव्हेंबर. सत्र संपतं ते दीक्षान्त संचलनाला, मेअखेर किंवा नोव्हेंबरअखेर. मोठी सुट्टी म्हणजे जून आणि डिसेंबर. मधे, सत्राच्या मध्यावर, थोड्या दिवसांची छोटी सुट्टी. बस्स. आता हे आपल्या घरच्या पंचांगाशेजारी ठेवा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे सत्र चालू. कानबाई या आपल्या खानदेशी देवीचा उत्सव श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे सत्र चालू. दिवाळी छोट्या सुट्टीत आली तर आली. रोटाला, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याला, भाऊबंदकीतलं माणूस हजर नाही हे आपल्या घरात किती लागतं ते मला ठाऊक आहे, पण तीन वर्षं त्याच्या वाट्याचा रोट त्याच्याविना करायची तयारी ठेवा. त्याला फोनवर "कव्हय येशी?" (कधी येशील?) असं दर रविवारी विचारलं की तिकडे तो रडवेला होतो आणि इकडे माय.

लग्नांचंही असंच. बहिणीची तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यात काढायची आणि मग अकॅडमीला अर्ज करायचा, हे उलटं आहे. सत्रात रजा मिळते ती घरच्या गंभीर प्रसंगाला, हळदीला नाही. जूनची तारीख धरा, आषाढी एकादशीच्या आतली. किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा, धनुर्मास लागण्याआधी. तरी साखरपुड्यात तारीख जाहीर करण्याआधी अकॅडमीच्या नेमक्या तारखा मुलाकडून घ्या. त्यातही एक धोका असतो. परीक्षेत किंवा शारीरिक चाचणीत कमी पडलेल्या कॅडेटला एक सत्र मागे टाकतात. सुट्टीचे महिने तेच राहतात, पण पासिंग आउट सहा महिने पुढे जातं. शेवटच्या संचलनाला येणारे पाव्हणे, गाडी, लॉज हे दोन वर्षं आधी ठरवून ठेवू नका.

पहिल्या सत्रात भेटायची घाई करू नका. ड्रिलची चाचणी पास होईपर्यंत नव्या कॅडेटला रविवारची बाहेरची सुट्टी मिळत नाही. खडकवासल्याला जाऊन फाटकावर डबा धरून उभं राहिल्यानं त्याला मदत होत नाही, त्याचे सीनियर मात्र तो डबा लक्षात ठेवतात.

तिकिटाचं सांगून थांबतो. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून सुट्टीच्या तारखा कळताच दोन्ही बाजूंची तिकिटं काढा, आणि परतीचं आधी. घरी एक दिवस उशिरा पोचला तर आई रागावेल, अकॅडमीत उशिरा पोचला तर शिक्षा होते. जून-जुलैत पुण्याला जायला कुठलीही गाडी चालेल. पण जानेवारीत परतताना जळगाव किंवा भुसावळहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस धरू नका. त्या उत्तरेतून येतात आणि धुक्यात तासन् तास रखडतात. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरा, तीही हजेरीच्या आदल्या दिवसाची. धुळेकरांनी चाळीसगावला येऊन तीच पकडावी.