गेफील्ड : भिंतीपलीकडे समुद्र

पडद्यावर दिसणारा हा फेस गेफील्ड या फुटबॉलच्या मैदानाची भिंत ओलांडून आत येतो आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्ब्रोथ या बंदरगावात भरती आणि समुद्रावरून येणारा वारा यांची गाठ पडली, की उत्तर समुद्राच्या लाटा या भिंतीवर फुटतात आणि पायऱ्यांवर उभे असलेले प्रेक्षक भिजतात. युरोपात समुद्राच्या इतक्या निकट दुसरे मैदान नाही, असे गावकरी अभिमानाने सांगतात.

१८७८ मध्ये स्थापन झालेला आर्ब्रोथ क्लब १८८० पासून गेफील्डवरच खेळतो. मच्छीमार होड्यांना बंदराची वाट दाखवणाऱ्या लाल दिव्यावरून त्याच्या खेळाडूंना ‘रेड लिख्टीज’ हे नाव पडले.

आता कॉर्नर घेणाऱ्या या खेळाडूकडे पाहा. चेंडू ठेवतो, दोन पावले मागे जातो, तोवर चेंडू घरंगळतो. तो पुन्हा ठेवावा लागतो. पाहुणा संघ पहिल्या अर्ध्या तासात चेंडू उंच मारण्याचा नाद सोडतो, कारण वाऱ्याच्या तोंडावर उंच मारलेला चेंडू पुढे जाण्याऐवजी थबकतो आणि वाऱ्याच्या पाठीवर मारलेला थेट रेषेबाहेर जातो. नाणेफेकीत बाजू निवडणे ही येथे केवळ औपचारिकता नसते.

जगाला मात्र हे मैदान एका आकड्यामुळे ठाऊक आहे. १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश चषकात आर्ब्रोथने अॅबर्डीनच्या बॉन अॅकॉर्डला ३६-० असे हरवले. जॉकी पेट्री या तरुणाने एकट्याने १३ गोल केले. त्याच दिवशी डंडी हार्पने दुसऱ्या एका संघाविरुद्ध ३५ गोल केले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. आमच्या मते, या आकड्याने भिंतीवर अन्यायच केला आहे.

२०२२ मध्ये नोकरी सांभाळून खेळणारा आर्ब्रोथचा संघ दुसऱ्या श्रेणीत दुसरा आला, वरच्या श्रेणीची संधी पेनल्टींवर हुकली आणि २०२४ मध्ये तो खाली घसरला.

मैदानाच्या तीन बाजूंना आजही उभे राहूनच सामना पाहायचा असतो. मध्यंतराची शिटी वाजली आहे. आपला संघ ज्या गोलवर चाल करणार, त्या टोकाकडे काही प्रेक्षक कॉलर वर करून, पायऱ्यांवरून हळूहळू निघाले आहेत.