मतदार यादीतले प्रश्नचिन्ह

महापालिकेच्या एका निवडणुकीच्या आधी मिरजेतल्या एका प्रचार कार्यालयात आम्ही मतदार यादीवर खुणा होताना पाहिल्या. एक कार्यकर्ता नाव वाचत होता, दुसरा पेनाने फुली किंवा टिंब देत होता. केवळ आडनावावरून त्यांचे भागत नव्हते, कारण सांगली-साताऱ्याकडे पाटील, इनामदार, देसाई ही आडनावे हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. म्हणून बोट वडिलांच्या नावावर जायचे. तिथे ‘बाबासाहेब’ असे नाव आले, तेव्हा दोघेही अडले आणि एकाने विचारले, “हे आपल्यातले की त्यांच्यातले?”

फुली पडलेल्या घरांपुढून प्रचारफेरी न थांबता निघून जाते. टिंब असलेल्या घरांत मात्र, पाणी, गटार आणि रस्ता यांविषयी बोलून झाल्यावर, निघता निघता उंबऱ्यात हळूच सांगितले जाते, “त्यांचे एकगठ्ठा मतदान होणार आहे, आपण गाफील राहून चालणार नाही.” भावकीच्या, गल्लीच्या आणि तालमीच्या सांगण्यावरून मतदान आपल्याकडे सगळ्याच समाजांत होते, तरी ‘एकगठ्ठा’ हा शब्द एकाच समाजासाठी राखून ठेवलेला असतो. राखीव जागेवरच्या दलित उमेदवाराबद्दल ‘आरक्षणावर आलेला’ असे म्हणणे हा याच पूर्वग्रहाचा दुसरा चेहरा आहे.

अशा कुजबुजीचे पुढे काय होते, हे या शहराने सप्टेंबर 2009 मध्ये भोगले आहे. विधानसभेच्या मतदानाला जेमतेम दीड महिना उरला होता. गणेशोत्सवातल्या एका स्वागत कमानीवरील अफजलखान वधाच्या चित्रावरून वाद पेटला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली, आणि दंगलीची झळ सांगली व इचलकरंजीपर्यंत पोहोचली. अफजलखानाशी मिरजेतल्या तांबोळ्याचा किंवा बागवानाचा काय संबंध, हा साधा प्रश्न त्या दिवसांत मोठ्याने विचारायला कोणीही पुढे आले नाही, याची खंत आम्हाला आजही वाटते.

हेच शहर तंबोऱ्यांचे आहे. ज्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावत, त्या शिकलगार घराण्यांतले कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरा घडवत आले आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा वाळवून, त्यावर तबली (लाकडी झाकण) बसवून, दांडी जोडून झाली की कारागीर तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवतो आणि तार छेडून कान देतो. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, नीट लागेपर्यंत हे काम तो पुन्हा पुन्हा करतो. त्या तंबोऱ्यावर पुढे कोणी अभंग गातो, कोणी ख्याल. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ याच शहरात राहिले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या संगीत सभेत गाणाऱ्याची जात किंवा धर्म कोणी विचारत नाही.

कायदा या बाबतीत गप्प नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 123 (3) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. हे कलम केवळ उमेदवाराच्या धर्माला लागू आहे की मतदाराच्या धर्मालाही, हा वाद मुंबईतल्या एका निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेला. 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, मतदाराचा धर्मही त्यात येतो. हा कायदा संसदेच्या आणि राज्य विधिमंडळांच्या निवडणुकांचा आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि जात-धर्माच्या नावाने मते मागण्यास तिथल्या आचारसंहितेतही मनाई आहे. मात्र सभेतले भाषण ध्वनिमुद्रित होते, उंबऱ्यातले वाक्य होत नाही. तक्रार करायची तर पुरावा आणायचा कुठून?

त्या यादीतल्या ‘बाबासाहेब’ या नावापुढे शेवटी ना फुली पडली, ना टिंब. कार्यकर्त्याने तिथे प्रश्नचिन्ह काढले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या प्रचारफेरीबरोबर त्या गल्लीतून चाललो. त्या घराचे दार उघडे होते, आत कोणीतरी तांदूळ निवडत बसले होते, आणि फेरी पुढच्या घराकडे वळली.