एक कोळी, तीन जाती

नमस्कार, श्रोतेहो.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपास, ओलसर जागी, दगडाखाली नाहीतर कुजक्या ओंडक्याखाली एक काळा, तुकतुकीत कोळी बीळ करून राहतो. बिळाच्या तोंडापासून रेशमाचे धागे चहूकडे गेलेले असतात. एखाद्या किड्याचा पाय धाग्याला लागला, की आत बसलेल्या कोळ्याला ते कळतं. हा फनेल-वेब, नरसाळ्यासारखं जाळं विणणारा कोळी. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस.

त्याचे विषदंत चिमट्यासारखे समोरासमोर मिटत नाहीत. तो पुढचं अंग उचलतो आणि दोन्ही दात कुदळीसारखे वरून खाली मारतो. मायगॅलोमॉर्फ गटाच्या कोळ्यांची ही मोठी खूण.

अ‍ॅट्रॅक्स ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज या इंग्रज पाद्र्यांनी, १८७७ साली. कोळी तोच राहिला, पण त्याचं कुळ बदलत गेलं. बराच काळ तो डिप्लुरिडी कुळात होता, १९८० मध्ये हेक्साथेलिडीत आला. मग डीएनए तपासल्यावर दिसलं, की या कुळात एकत्र बसवलेले कोळी एकमेकांचे सख्खे नव्हतेच. म्हणून २०१८ साली अ‍ॅट्रॅक्स आणि त्याच्या खऱ्या भाऊबंदांना अ‍ॅट्रॅसिडी हे स्वतंत्र कुळ मिळालं. त्याच्या विषातल्या घातक घटकांना मात्र आजही हेक्साटॉक्सिन म्हणतात. ते नाव जुन्या कुळावरून पडलं होतं.

आता जानेवारी २०२५ ची गोष्ट सांगतो, कारण मला ती फार मोलाची वाटते. एकच जात म्हणून ओळखला जाणारा हा कोळी प्रत्यक्षात तीन जातींचा निघाला. सिडनी आणि तिच्या उत्तरेचा किनारा रोबस्टसकडे राहिला. सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या ब्लू माउंटन्स डोंगरांच्या बाजूचा तो मॉन्टॅनस. १९१४ मध्येच कोळ्यांचे अभ्यासक रेनबो यांनी या जातीला नाव दिलं होतं, पण नंतर ती रोबस्टसमध्येच धरली गेली. आणि आणखी उत्तरेच्या न्यूकॅसल शहराकडचा, तिघांत सर्वांत मोठा, तो क्रिस्टेन्सेनी. नराच्या तोंडाजवळच्या आखूड पायांसारख्या अवयवांच्या टोकाशी एक फुगीर भाग असतो. त्याची ठेवण आणि डीएनए, दोन्ही पाहून हा निवाडा झाला.

श्रोतेहो, हा नुसता नावांचा खेळ नाही. या कोळ्याच्या दंशाने १३ मृत्यू नोंदले गेले होते. १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि त्यानंतर एकही मृत्यू नोंदलेला नाही. त्यासाठी नराचं विष थेंबाथेंबाने काढतात, सशांना वाढत्या मात्रेत टोचतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवतात. ते तिन्ही जातींवर चालतं. पण विषाचा अभ्यास करताना नमुना नेमका कुठल्या जातीचा, हे आता विचारावंच लागेल.

संग्रहालयांतल्या बरण्यांमध्ये रोबस्टस म्हणून ठेवलेले जुने कोळी आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर, नावाखाली, पकडल्याची जागाही लिहिलेली असते. तिथे न्यूकॅसल असेल, तर ती बरणी पुन्हा उघडायला हवी.